करड्या पोशाखाची साक्ष : सॅम वॉट्किन्सच्या 'कंपनी एच्' या ग्रंथाचें परीक्षण

अमेरिकेंत नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या वर्षीं एक पुस्तक मला धाडलें. सोबतच्या पत्रांत त्यानें लिहिलें होतें, "गुरुजी, ही तिकडची बखर समजून वाचावी. लिहिणारा दरबारांतला नाहीं, खांद्यावर बंदूक घेऊन चार वर्षें चाललेला शिपाई आहे." पुस्तकाचें नांव 'कंपनी एच्'. मोठ्या खेळाच्या शेजारीं मांडलेला लहान खेळ, अशा अर्थाचें एक उपनांवही ग्रंथकर्त्यानें त्यास जोडलें आहे. इंग्रजींत त्यानें 'एच्' हें अक्षर नुसतें न लिहितां, खेडवळ माणसाच्या तोंडून जसें ऐकूं येतें तसें अक्षरशः फोडून लिहिलें आहे. ही खोडी मराठींत उतरत नाहीं. पण तीवरून माणसाचा स्वभाव कळतो.

हा माणूस सॅम्युएल वॉट्किन्स. जन्म १८३९, टेनेसी राज्याच्या मॉरी परगण्यांत, कोलंबिया गांवाजवळ, मृत्यु १९०१. गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांनीं संयुक्त संस्थानांतून फुटून १८६१ सालीं जो निराळा संघ स्थापिला, आणि ज्यास इंग्रजींत कॉन्फेडरेट असें म्हणतात, त्याच्या सैन्यांत तो एकविसाव्या वर्षीं स्वयंसैनिक म्हणून शिरला. त्याच्या गांवच्या तरुणांनीं मिळून एक कंपनी उभारली. तिचें घरगुती नांव 'मॉरी ग्रेज', म्हणजे मॉरीचे करडे. पहिल्या टेनेसी पलटणींत तिला एच् हें अक्षर मिळालें. अशा सुमारें शंभर शंभर माणसांच्या दहा कंपन्या मिळून एक पलटण होत असे, आणि बहुतेक प्रत्येक कंपनी एका गांवची किंवा परगण्याची असे. कंपनीचा इतिहास म्हणजे एका गांवच्या एका पिढीचा इतिहास, ही गोष्ट ग्रंथ वाचतांना विसरून चालत नाहीं.

युद्ध संपल्यावर सोळा वर्षांनीं, १८८१-८२ सालीं, वॉट्किन्सनें आपल्या आठवणी कोलंबियाच्या 'हेरल्ड' पत्रांत क्रमशः छापल्या व १८८२ सालीं त्यांचें पुस्तक केलें. घरांत मुलांचा गोंगाट चालू असतां, कोणी गुडघ्याशीं बिलगलें आहे, कोणी कोपरास धक्के देत आहे, अशा स्थितींत आपण लिहीत आहों, असें तो आरंभींच सांगतो. रोजनिशी जवळ नाहीं, कागद जवळ नाहींत, सर्व मजकूर आठवणीवरून, हेंही तो लपवीत नाहीं. उलट पानोपानीं त्याचा उच्चार करितो. मोठ्या लढायांची हकीकत आली कीं, ती इतिहासग्रंथांत पाहावी, मी इतिहासकार नव्हें, असें म्हणून तो बाजूस होतो. ही विनयाची लकब पुढें पुढें कंटाळवाणी होते, हें खरें. पण तींत एक प्रामाणिकपणा आहे, आणि संशोधकास तो फार उपयोगी पडतो; कारण कोठें पाहिलेलें सांगतो व कोठें ऐकलेलें, याची रेघ ग्रंथकर्त्यानें स्वतःच ओढून दिली आहे.

आमच्या नैयायिकांनीं स्मृतीस प्रमेच्या पंक्तीस बसूं दिलें नाहीं. स्मृति ही पूर्वींच्या अनुभवाच्या संस्कारावर जगते. तिला स्वतःचें भांडवल नाहीं. तथापि तर्कसंग्रहकार अन्नंभट्टानें स्मृतीचे यथार्थ व अयथार्थ असे दोन भाग केले आहेत, आणि ज्या अनुभवापासून ती जन्मली तो खरा कीं खोटा यावर तो भेद बसविला आहे. वॉट्किन्सचें पुस्तक ह्या कसोटीवर घासण्याजोगें आहे. अर्थात् कसोटी नैयायिकांची असली तरी कामाची रीत आपल्या घरचीच आहे. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत राजवाड्यांनीं बखरींची जी झाडाझडती घेतली, तिच्या नंतर उत्तरकालीन आठवण व समकालीन पत्र यांना एकाच तराजूंत घालणारा मनुष्य आपल्याकडे संशोधक म्हणवून घेऊं शकत नाहीं. वॉट्किन्सचे देशबांधव मात्र या बाबतींत बरेच उदार दिसतात.

एक उदाहरण देतों. एप्रिल १८६५ मध्यें उत्तर कॅरोलायनांत जनरल जोसेफ जॉन्स्टन यानें शर्मनपुढें शस्त्रें ठेविलीं, त्या वेळीं कंपनींत आरंभीं दाखल झालेल्या १२० पैकीं अवघे सात जण उरले होते, असें वॉट्किन्स सांगतो. सबंध पलटणींत, आपल्या आठवणीप्रमाणें, पासष्ट. १९९० सालीं तिकडे या युद्धावर एक मोठा बोलपट दाखविण्यांत आला, त्यानें हा शिपाई घरोघर पोंचला. आणि तेव्हांपासून तर "१२० पैकीं सात जण जिवंत राहिले" हें वाक्य पुस्तकांच्या वेष्टनांवरही छापलेलें आढळतें. परंतु शस्त्रें ठेवण्याच्या दिवशीं हजर असणें आणि जिवंत असणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. चार वर्षांत कोणी लढाईंत पडले, कोणी हगवणीनें व तापानें मेले, कोणी उत्तरेच्या बंदिवासांत गेले, कोणी जखमी म्हणून नांव कमी करून घरीं पाठविले गेले, कोणी दुसऱ्या पलटणींत बदलले, आणि कोणी, विशेषतः सैन्य आपल्याच परगण्यांतून जात असतां, रात्रीं उठून घरची वाट धरली. वॉट्किन्सनें हजर माणसें मोजलीं. मागाहून आलेल्यांनीं उरलेल्या सर्वांस मारून टाकलें. येथें अयथार्थ स्मृतीचा दोष साक्षीदाराकडे येत नाहीं, तो श्रोत्याकडे जातो.

दुसरें उदाहरण यापेक्षां अवघड आहे. १८६२ च्या जानेवारींत जॅक्सनच्या हाताखालीं पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरांत ही पलटण बर्फांत फिरत होती. तेथें पहाऱ्यावर पाळी बदलावयास गेलों असतां अकरा पहारेकरी, कोणी बसलेले कोणी पडलेले, थंडीनें गोठून मेलेले आपण पाहिले, असें वॉट्किन्स लिहितो. वर्णन असें आहे कीं वाचणाराचे हात गार पडावेत. पण ते पहारेकरी त्याच्या पलटणीचे नव्हते. चौदाव्या जॉर्जिया व तिसऱ्या आर्कान्सा पलटणींचे होते, असें तोच सांगतो. या पलटणींचीं सेवापत्रकें जतन झालेलीं आहेत. त्यांशीं ताडून पाहिल्यावांचून ही हकीकत कोणीं इतिहासांत घेऊं नये, मग ती कितीही हृदयद्रावक असो.

आतां ज्यासाठीं मीं मुख्यतः लेखणी उचलली त्या विषयाकडे येतों. कंपनीचें नांवच 'करडे' असें असतां गणवेषाविषयीं हा ग्रंथ फार थोडें सांगतो. वाचक मात्र करडा रंग मनांत धरूनच पुस्तक उघडतो, कारण निळे म्हणजे उत्तरेचे व करडे म्हणजे दक्षिणेचे हें समीकरण चित्रांनीं, कवितांनीं आणि पुतळ्यांनीं इतकें पक्कें करून ठेविलें आहे. हें समीकरण १८६१ सालीं तरी खरें नव्हतें. करडा रंग युद्धापूर्वीं दोन्हीकडच्या हौशी नागरिक-पलटणींचा आवडता रंग होता. वेस्ट पॉइंट येथील सरकारी लष्करी विद्यालयाचे छात्र करडे कपडे घालीत. न्यूयॉर्कची प्रसिद्ध सातवी पलटण, जी उत्तरेच्या बाजूची, तीही करड्या पोशाखाची. उलट दक्षिणेच्या कित्येक कंपन्या निळ्या कपड्यांत घरून निघाल्या.

याचा परिणाम ता. २१ जुलै १८६१ रोजीं मनॅसस येथील पहिल्या मोठ्या लढाईंत दिसला. तेहतिसावी व्हर्जिनिया पलटण ही दक्षिणेची. तिचे लोक निळ्या पोशाखांत तोफखान्यासमोर आले. उत्तरेचा तोफखानदार ग्रिफिन तोफा डागणार, तोंच वरिष्ठ अधिकाऱ्यानें 'हे आपलेच मदतीचे लोक' म्हणून त्याचा हात धरला. क्षणांत त्या 'आपल्या' लोकांनीं बार काढला आणि तोफा हातच्या गेल्या. त्याच दिवशीं दुसऱ्या विस्कॉन्सिन पलटणीनें, जी उत्तरेची पण करड्या कपड्यांची, आपल्याच लोकांच्या गोळ्या खाल्ल्या. निशाणांचाही असाच घोटाळा झाला, आणि त्यांतूनच दक्षिणेचें तें पुढें गाजलेलें फुलीचें रणनिशाण निघालें. वॉट्किन्सची पलटण आगगाडीनें मनॅससला पोंचली ती लढाई आटोपल्यावर. आतां युद्ध संपलें, आपल्याला शत्रु पाहावयासही मिळणार नाहीं, म्हणून हे तरुण हळहळले, असें तो लिहितो. हें वाक्य मला सबंध ग्रंथांतल्या अतिखऱ्या वाक्यांपैकीं एक वाटतें. विसाव्या वर्षींचा मूर्खपणा चाळिसाव्या वर्षीं इतक्या सरळपणें कबूल करणारे लेखक थोडे.

दक्षिणेच्या सरकारनें जून १८६१ मध्यें गणवेषाचा नियम काढला. करड्या रंगाचा दुहेरी बटणपट्टीचा लांब अंगरखा, आकाशी निळी विजार, आणि पायदळास गळपट्टी व मनगटपट्टी फिक्या निळ्या रंगाची, घोडदळास पिवळी, तोफखान्यास तांबडी. नियम सुंदर होता, कापड नव्हतें. म्हणून आरंभीं सरकारनें कपडे देण्याऐवजीं कपड्यांचा भत्ता देण्याची पद्धत ठेविली: दर सहा महिन्यांस माणशीं पंचवीस डॉलर, आणि कंपनीच्या कप्तानानें हवे तेथून कपडे करून घ्यावे. म्हणजे व्यवहारांत गांवच्या स्त्रियांनीं शिवावे व गांवच्या शिंप्यानें बेतावे. पहिल्या वर्षींच्या कंपन्यांचे रंग व बेत इतके निरनिराळे कां, याचें उत्तर या हिशेबांत आहे. शौर्याच्या किंवा प्रांताभिमानाच्या कथांत तें शोधूं नये. ऑक्टोबर १८६२ मध्यें भत्त्याची पद्धत कायद्यानें बंद झाली, आणि रिचमंड, कोलंबस (हें जॉर्जियांतलें), अटलांटा वगैरे ठिकाणच्या सरकारी वस्त्रागारांतून कपडे देण्याचें ठरलें. तेथें कापड बेतून देत. शिवणकाम घरोघरच्या बायकांकडून मजुरीनें होई.

या वस्त्रागारांचा इतिहास लिहिला गेला तो कसा, हें आपल्याकडील तरुण संशोधकांनीं पाहण्यासारखें आहे. लेस्ली जेन्सन नांवाच्या गृहस्थांनीं १८८० सालापासूनच्या आठवणींचीं बाडें बाजूस ठेविलीं आणि वस्तुसंग्रहालयांत उरलेलीं प्रत्यक्ष जाकिटें हातीं घेतलीं. काट कसा, अस्तर कशाचें, बटणें किती, खांद्यावर पट्टी आहे कीं नाहीं, पट्ट्यासाठीं कमरेशीं कड्या आहेत कीं नाहींत, हें पाहून त्यांनीं त्यांचे वर्ग पाडले. आणि जाकीट घालणारा मनुष्य कोणत्या सैन्यांत, कोणत्या सालीं होता हें कागदांवरून काढून प्रत्येक वर्ग त्या त्या वस्त्रागाराशीं जोडला. त्यांचा निबंध १८८२ नंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, १९८९ सालीं, प्रसिद्ध झाला. नाण्यांच्या व ताम्रपटांच्या अभ्यासांत जी रीत आपण वापरतों तीच ही. या पश्चिमेकडील सैन्यांत, म्हणजे वॉट्किन्सच्या सैन्यांत, जें जाकीट पुष्कळ दिसतें तें कोलंबसच्या वस्त्रागाराचें : आंखूड, करड्या जाड्याभरड्या कापडाचें, निळ्या गळपट्टीचें व निळ्या मनगटपट्टीचें. लांब दुहेरी अंगरखा साध्या शिपायाच्या अंगावर क्वचितच पोंचला.

आणि तो करडाही पुष्कळदां करडा राहत नसे. कापडाचा ताणा सुताचा, बाणा लोंकरीचा. इंग्रजींत त्यास 'जीन' म्हणत. घरीं रंगवितांना अक्रोडाच्या जातीच्या झाडांच्या साली व हिराकस वापरीत, त्यानें पिवळट तपकिरी छटा येई. लॉगवूड नांवाच्या लांकडापासून काढलेला करडाही उन्हापावसांत विटून मातकट होई. उत्तरेचे लोक दक्षिणेच्या शिपायांस त्या झाडाच्याच नांवानें 'बटरनट' म्हणत, तें उगीच नव्हे. 'मॉरीच्या करड्यां'पैकीं किती जण १८६४ सालीं खरोखर करडे दिसत असतील, हा प्रश्न म्हणून विनोदाचा नाहीं.

वॉट्किन्स कपड्यांविषयीं आवर्जून बोलतो तो एके ठिकाणीं. १८६३ च्या नोव्हेंबरांत मिशनरी रिजवर दाणादाण होऊन सैन्य जॉर्जियांत डाल्टन येथें येऊन पडलें. सेनापति ब्रॅग गेला व जॉन्स्टन आला. जॉन्स्टननें आल्या आल्या तंबाखू, साखर, कॉफी, मक्याच्या पिठाऐवजीं गव्हाचें पीठ, आणि सर्वांस नवे कपडे, जोडे व टोप्या देवविल्या, असें तो कृतज्ञतेनें सांगतो. ब्रॅगविषयीं त्याच्या मनांत असलेला तिटकारा आणि जॉन्स्टनविषयींची भक्ति यांचें मूळ युद्धकौशल्याच्या तुलनेंत जितकें आहे तितकेंच या एका यादींत आहे. सेनापतींची योग्यता ठरविण्यास हें प्रमाण पुरेसें नाहीं, आणि ग्रंथकर्त्याचे या दोघांविषयींचे निवाडे जसेच्या तसे उचलणारे लेखक फसले आहेत. परंतु सैन्याचें मन कशानें मोडतें व कशानें जुळतें याची ही यादी उत्तम साक्ष आहे. वॉट्किन्सला आपण इतिहास सांगत आहों असें वाटत नाहीं, तेथें तो सर्वांत चांगला इतिहास सांगतो.

येथें थोडें विषयांतर करितों, पण तें अगदींच परकें नाहीं. जगाच्या कापसाचा मोठा भाग पिकविणाऱ्या देशाच्या शिपायांस कपडा मिळूं नये, ही स्थिति कशी आली? दक्षिणेंत कापूस होता, गिरण्या थोड्या होत्या. कापूस अडवून धरला म्हणजे इंग्लंड आपल्या बाजूनें युद्धांत पडेल, असा तेथील पुढाऱ्यांचा हिशेब होता. तिकडे उत्तरेच्या आरमारानें बंदरें कोंडलीं. इंग्लंड युद्धांत पडलें नाहीं. तें मुंबईकडे वळलें. १८६१ ते १८६५ या काळांत खानदेश-वऱ्हाडच्या कापसास जो भाव आला, मुंबईंत शेअरांचा जो धुमाकूळ झाला, आणि युद्ध संपल्याची वार्ता येतांच १८६५ सालीं जीं दिवाळीं वाजलीं, तीं आपल्या वाचकांस परिचित आहेत. दक्षिणेस मात्र शेवटीं शेवटीं आयर्लंडांतील लिमरिक येथील पीटर टेट याच्या कारखान्यांतून तयार जाकिटें कोंडी चुकवून आणण्याची पाळी आली.

आतां ग्रंथांतील सर्वांत महत्त्वाच्या चुकीकडे वळूं. १८६२ च्या वसंतांत, शायलोच्या लढाईनंतर, सैन्य कॉरिंथ येथें असतां सक्तीच्या भरतीचा कायदा आला. बारा महिन्यांच्या करारानें आलेल्या स्वयंसैनिकांची मुदत त्यानें एकदम तीन वर्षांची केली. त्या दिवसापासून शिपाई हें एक यंत्र झालें, अभिमान संपला, असें वॉट्किन्स म्हणतो. त्याच सुमारास, तो पुढें सांगतो, वीस गुलामांच्या धन्यास घरीं जाण्याची मुभा देणारा कायदा झाला. आणि मग हें युद्ध श्रीमंताचें व लढाई गरिबाची अशी बोलणीं छावणींत सुरू झालीं.

तारखा पाहूं. सक्तीच्या भरतीचा कायदा ता. १६ एप्रिल १८६२ चा, तो बरोबर बसतो. वीस गुलामांची सवलत मात्र ता. ११ ऑक्टोबर १८६२ ची आहे, म्हणजे सहा महिने नंतरची. त्या वेळीं ही पलटण केंटकींत पेरिव्हिलची लढाई लढून तीनच दिवस झाले होते. शिवाय त्या कलमानें फौजेंतल्या धन्यांस सरसकट घरीं पाठविलें नव्हतें. ज्या मळ्यावर वीस अगर अधिक गुलाम असतील तेथें देखरेखीस एका गोऱ्या पुरुषास भरतींतून सूट दिली होती. तेव्हां काळ चुकला व कलमही चुकलें. कोणी म्हणेल, मग ही साक्ष टाकून द्या. मला तसें वाटत नाहीं. वीस वर्षांच्या स्मृतींत दोन कायदे एकमेकांस चिकटले, याचा अर्थ शिपायांच्या मनांत ते एकच होते. एकानें त्याला जखडलें, दुसऱ्यानें शेजारच्या मळेवाल्यास सोडलें. हा अन्याय एका दिवसाचा म्हणूनच त्याच्या मनांत राहिला. कायद्याची तारीख अधिकृत पुस्तकांतून घ्यावी; राग मात्र त्या पुस्तकांत नाहीं, तो येथूनच घ्यावा लागेल.

पण हा राग ज्या वाक्यांत आहे त्याच वाक्यांत एक मौनही आहे, आणि त्याची तारीख लावणारा कोणी मला आढळला नाहीं. वीस गुलामांच्या धन्याचा उल्लेख आहे. वीस गुलामांचा नाहीं. ग्रंथाच्या आरंभीं युद्धाचें कारण म्हणून वॉट्किन्स एक विनोदी रूपक रचतो : यान्सी नांवाच्या दक्षिणेच्या वक्त्यानें होकायंत्राच्या उत्तर-दक्षिण दिशांचा वाद काढला, दुसऱ्यांनीं सूर्याच्या पूर्व-पश्चिमेचा, वगैरे. वाचावयास गमतीचें आहे. परंतु वीस वर्षांनीं लिहिलेल्या या गमतीपुढें समकालीन कागद ठेविला म्हणजे हसूं येत नाहीं. ता. २१ मार्च १८६१ रोजीं सव्हाना येथें फुटीर संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनीं जाहीर भाषणांत सांगितलें होतें कीं, गोरा व काळा समान नाहींत आणि दास्य हीच काळ्याची स्वाभाविक स्थिति, या तत्त्वावर आपल्या नव्या राज्याचा कोनशिला-दगड बसविला आहे. कोनशिला बसविणारांनीं जें उघड सांगितलें तें युद्ध हरल्यावर दिशांच्या व राज्यांच्या हक्कांच्या चर्चेंत पुरून टाकण्यांत आलें. वॉट्किन्सनें तें कपटानें केलें असें मी म्हणत नाहीं. त्याच्या भोंवतालच्या सर्वांनीं तसेंच केलें, आणि तो आपल्या गांवासाठीं लिहीत होता.

आश्चर्य वाटतें तें याचें कीं, त्या गांवापासून हजारों कोस दूर पुण्यास बसलेल्या एका मनुष्यास हें अधिक स्पष्ट दिसलें होतें. जोतीराव फुल्यांचा 'गुलामगिरी' हा १८७३ सालचा ग्रंथ अमेरिकेंतील सदाचारी लोकांस, त्यांनीं कृष्णवर्णी लोकांस दास्यमुक्त केलें म्हणून, अर्पण केलेला आहे. 'कंपनी एच्'च्या आधीं नऊ वर्षें. जोतीरावांनीं तें युद्ध पाहिलें नव्हतें. वॉट्किन्स चार वर्षें त्यांत होता. प्रत्यक्ष हें सर्व प्रमाणांत ज्येष्ठ, असें आम्ही मुलांना वर्षानुवर्षें शिकविलें. प्रत्यक्षाला फक्त समोरचें दिसतें, हेंही त्याच बरोबर शिकवावयास हवें होतें.

आणि येथें तो करडा पोशाख पुन्हा पुढें येतो. युद्धापूर्वीं ऱ्होड आयलंडमधील गिरण्या दक्षिणेंतील मळ्यांसाठीं एक स्वस्त जाडेंभरडें सूत-लोंकरीचें कापड विणीत. मळेवाले तें वर्षाकांठीं गुलामांस देत, आणि त्या कापडाचें व्यापारी नांवच गुलामांवरून पडलें होतें. दक्षिणेच्या वस्त्रागारांतील 'जीन' याच जातीचें. ताण्याचा कापूस गुलामांनीं लाविला, वेंचला. ज्यांनीं तो अंगावर घातला त्यांतील पुष्कळांकडे एकही गुलाम नव्हता. आजचे संग्राहक त्या जाकिटांच्या एकेका टांक्याची मोजदाद करितात, तिची थट्टा करण्याचें मला कारण नाहीं. त्या मोजदादीमुळेंच हा मजकूर लिहितां आला. पण त्या ताण्यांतला धागा कोणाच्या हातचा, हें वर्गीकरणाच्या कोष्टकांत एक रकाना वाढवून लिहिलें पाहिजे.

इतकें दोषदर्शन केल्यावर ग्रंथाच्या गुणांविषयीं लिहिलें नाहीं तर तो अन्याय होईल. ता. २७ जून १८६४ रोजीं जॉर्जियांत केनेसॉ डोंगराच्या वळणावर, ज्यास शिपाई 'मृत्यूचा कोन' म्हणूं लागले, तेथील हकीकत ही या पुस्तकाचा कळस होय. बंदुकीची नळी इतकी तापली कीं दारू भरतां भरतां पेट घेई, माणसें उष्म्यानें भोवळ येऊन पडत. आणि एका उत्तरी शिपायानें वॉट्किन्सवर नळी रोखली असतां, युद्धापूर्वीं त्याच्याच बरोबर एका दुकानांत कारकुनी करणाऱ्या विल्यम ह्यूजेस यानें ती नळी हातानें धरून गोळी आपल्या अंगावर घेतली. मरतांना त्यानें आपली बंदूक व घोंगडी वॉट्किन्सला दिली. एवढी गोष्ट दहापांच वाक्यांत आहे. विशेषण जवळ जवळ नाहीं. गांवच्या कंपनीचा अर्थ काय, तें येथें कळतें : मारणारा अनोळखी, मरणारा दुकानांतला सोबती.

याच्या उलट, नोव्हेंबर १८६४ मधील फ्रँक्लिनच्या संहाराविषयीं तो लेखणी आंखडतो. कोलंबियाहून, म्हणजे स्वतःच्या गांवावरून, सैन्य फ्रँक्लिनला गेलें होतें. क्लेबर्नसारखे सेनापति तेथें पडले. याविषयीं आपणांस लिहावत नाहीं, असें तो सांगतो, आणि खरोखरच फारसें लिहीत नाहीं. सरकारी कागदपत्रांच्या त्या १२८ पुस्तकांत, जीं याच सुमारास छापूं लागलीं व १९०१ सालीं पुरीं झालीं, फ्रँक्लिनचा तपशील भरपूर मिळेल. वॉट्किन्सच्या त्या दोनतीन पानांस तो पर्याय होत नाहीं.

आतां संहितेविषयीं थोडें. १८८२ ची पहिली आवृत्ति, १९०० सालीं चॅटानूगा येथें निघालेली दुसरी, व त्यानंतरचीं अनेक पुनर्मुद्रणें, यांतून हा ग्रंथ आजवर वाचला जात आला. वॉट्किन्सनें आयुष्याच्या शेवटीं स्वतःच्या प्रतीवर सुधारणा करून ठेविल्या होत्या, आणि २००७ सालीं त्याच्या वंशजांनीं त्या जमेस धरून आवृत्ति काढली. माझ्याकडे आलेली प्रत जुन्या पाठाची आहे. दोन्ही पाठ शेजारीं ठेवून, ग्रंथकर्त्यानें वीस वर्षांनीं काय खोडलें, काय वाढविलें, विशेषतः कॉरिंथच्या प्रकरणांत व शेवटच्या सात माणसांच्या हिशेबांत हात घातला कीं नाहीं, हें कोणी पाहील तर फार बरें होईल. माझ्या त्या विद्यार्थ्यास नवी आवृत्ति धाडण्याविषयीं मीं लिहिलें आहे.